मिंट इन्स्टॉल झालं, पण लॅपटॉप बूट होईना

लिनक्स इन्स्टॉल करायला आता काही विशेष यावं लागत नाही. पेनड्राइव्ह लावा, नेक्स्ट नेक्स्ट करा, टाइमझोनला कोलकाता निवडा, चहा होईपर्यंत "रिस्टार्ट नाऊ" आलेलं असतं. खरी गंमत त्या रिस्टार्टच्या पुढे आहे. यूट्यूबच्या व्हिडिओत तिथून लगेच चकाचक डेस्कटॉप दिसतो आणि तो मनुष्य सबस्क्राइब करा म्हणून मोकळा होतो, आपल्यासमोर मात्र काळी स्क्रीन. भाच्याच्या लॅपटॉपवर मी हे सगळं नुकतंच निस्तरलंय आणि बूट न होण्याचे इतके प्रकार त्या एकाच मशीनवर बघायला मिळाले की म्हटलं लिहून ठेवावं, कुणाच्या तरी उपयोगी पडेल.

लॅपटॉप २०१७ चा. सातव्या जनरेशनचा आय फाइव्ह, ८ जीबी रॅम, १ टीबीची हार्ड डिस्क आणि एनव्हिडियाचं ९४०एमएक्स ग्राफिक्स कार्ड. कंपनीचं नाव घेत नाही. मशीन तसं धडधाकट, पण विंडोज ११ च्या यादीत सातवं जनरेशन एखाददुसरा अपवाद सोडला तर नाहीच, आणि विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. त्यात हार्ड डिस्क करकर करायला लागलेली. ताई म्हणाली नवीन घेऊ का, मी म्हटलं थांब जरा, पोराला कॉलेजचं कोडिंग आणि ब्राउझर एवढंच लागतंय, त्यासाठी पन्नास हजार कशाला घालवायचे. आत एम डॉट टूचा एक स्लॉट रिकामा होता, त्यात २५६ जीबीची एनव्हीएमई एसएसडी बसवली, लिनक्सचाच एक प्रकार असलेलं लिनक्स मिंट २२ घ्यायचं ठरवलं. जुनी हार्ड डिस्क डेटा काढून होईपर्यंत तिच्या जागी तशीच ठेवायची आणि मग काढून टाकायची असा बेत. हा बेत लक्षात ठेवा, पुढे सगळं रामायण त्यावरच आहे.

आधी एक सांगतो. बूट होत नाही म्हटलं की लोक लगेच नेटवरून कमांड उचलून टाकायला लागतात. माझं म्हणणं, आधी हे बघा की स्क्रीनवर आत्ता बोलतंय कोण. पॉवर बटण दाबल्यावर पहिलं जागं होतं फर्मवेअर, म्हणजे मदरबोर्डवरचाच प्रोग्राम, ज्याला आपण अजून सवयीने बायोस म्हणतो पण असतं ते युईएफआय. ते डिस्कवरच्या ईएफआय पार्टिशनमधून (बूटच्या फाइलींसाठी राखलेला छोटा भाग) शिम नावाची छोटी फाइल उचलतं, शिम ग्रबला (कुठली सिस्टम चालू करायची ते विचारणारा बूटलोडर) उठवतो, ग्रब कर्नल (लिनक्सचा गाभा) आणि इनिट्रॅमएफएस (सुरुवातीला लागणाऱ्या फाइलींचा गठ्ठा) मेमरीत आणतो, कर्नल सिस्टमडीला (बाकी सगळं चालू करणारा प्रोग्राम) पुढे करतो आणि तो सगळ्यात शेवटी लॉगिन स्क्रीन दाखवतो. पाटणहून मुंबईला निघावं आणि कराडला, मग पुण्याला गाडी बदलावी तसलं हे काम आहे, चुकामूक कुठल्या स्टँडवर झाली तेच माहीत नसेल तर माणूस शोधणार कुठे.

तर, इन्स्टॉल झालं, पेनड्राइव्ह काढला, रिस्टार्ट. थेट विंडोज १०. ग्रबचा मागमूस नाही. म्हणजे गाडी पहिल्याच स्टँडवर चुकली, फर्मवेअर ग्रबपर्यंत जातच नाहीये. एफ ट्वेल्व्ह दाबून बूट मेनू बघावा तर तो मेनूच बंद, तो बायोसमध्ये जाऊन चालू करावा लागतो. केला. यादीत फक्त विंडोज बूट मॅनेजर. आता या मशीनची एक खोड अशी की सिक्युअर बूट (सही असलेलाच बूटलोडर चालू द्यायची सोय) चालू असताना नवीन बूट एंट्रीवर ते आपणहून विश्वास ठेवत नाही, त्यासाठी सिक्युरिटीच्या टॅबमध्ये "सिलेक्ट ॲन युईएफआय फाइल ॲज ट्रस्टेड फॉर एक्झिक्युटिंग" अशी एक लांबलचक ओळ आहे. ओळ आहे, पण करड्या रंगात, कर्सर तिच्यावर जातच नाही. का जात नाही हे तिथे कुठेही लिहिलेलं नाही. वर "सेट सुपरवायझर पासवर्ड" आहे तो आधी सेट केला की मग ही ओळ जिवंत होते! हे कुणाला सुचणार सांगा.

पासवर्ड टाकला (आणि वहीत लिहिला, कारण हा विसरला तर सर्व्हिस सेंटरची पायरी चढावी लागते). मग त्या ओळीवर एंटर मारलं की डिस्क दिसते, तिच्यात ईएफआय, त्यात उबंटू, त्यात शिमएक्स६४. मिंट नावाचं फोल्डर शोधत बसू नका, मिंट हे उबंटूवर बेतलेलं असल्यामुळे तिथे उबंटू हेच नाव असतं. फाइल निवडली, एंट्रीला नाव दिलं, एफ टेनने सेव्ह केलं, बूट ऑर्डरमध्ये ती वर आणली. हे करताना एक गोष्ट नजरेत आली होती की ते उबंटू फोल्डर दिसतंय ते एचडीडी झिरोच्या खाली. ती पुढे कामाला आली.

बरेच जण म्हणतात सिक्युअर बूट सरळ बंदच करून टाका. जमतं तसं पण. पण मिंटचा शिम सही केलेलाच येतो, सिक्युअर बूट चालू ठेवूनही सगळं चालतं, थोडी कटकट जास्त इतकंच. आणि त्याच डिस्कवर विंडोज बिटलॉकरसकट (म्हणजे डिस्क कुलूपबंद करून) असेल तर सिक्युअर बूटला हात लावल्यावर ते ४८ आकडी रिकव्हरी की मागत बसतं, ती हाताशी नसेल तर बघायलाच नको.

आता ग्रब आला. मेनूत लिनक्स मिंट निवडलं, क्षणभर लोगो चमकला आणि काळोख. बॅकलाइट चालू, पंखा चालू, बाकी काही नाही. इथे एक साधी युक्ती, कॅप्स लॉक दाबून बघायचं. दिवा लागतोय-विझतोय म्हणजे कर्नल जिवंत आहे, फक्त चित्र मेलंय. दिवा ढिम्म असेल तर मशीन खरंच गोठलंय. आमचा दिवा लागत होता. म्हणजे फर्मवेअर ठीक, ग्रब ठीक, कर्नल ठीक, ग्राफिक्समध्ये गडबड. दोन ग्राफिक्स असलेल्या लॅपटॉपवर, एक इंटेलचं आणि एक एनव्हिडियाचं, कर्नलसोबत येणारा नूव्हो ड्रायव्हर कधी कधी असा अडखळतो.

उपाय सगळ्यांना माहीत असलेलाच. पॉवर बटण दाबून धरून बंद, परत चालू, ग्रबच्या मेनूत एंटर न मारता ई दाबायचं. एक साधा एडिटर उघडतो. त्यात लिनक्स या शब्दाने सुरू होणारी ओळ असते, लांबलचक, दुसऱ्या ओळीवर वाहून गेलेली, तिच्यात शेवटाकडे क्वाएट स्प्लॅश हे दोन शब्द. त्यांच्यापुढे एक स्पेस देऊन नोमोडसेट (ग्राफिक्सच्या ड्रायव्हरच्या नादी लागू नको, असं कर्नलला सांगणं) असं सलग टाइप करायचं आणि एफ टेन. हा बदल फक्त त्या एका बूटपुरता असतो, त्यामुळे काही बिघडेल ही भीती नको, चुकलं तर परत चालू केल्यावर पहिल्यासारखं. डेस्कटॉप आला, अक्षरं मोठी, रिझोल्युशन दरिद्री, पण आला. तिथून ड्रायव्हर मॅनेजर उघडून रेकमेंडेड लिहिलेला एनव्हिडियाचा ड्रायव्हर टाकला.

टाकताना मधेच ते एक पासवर्ड मागतं, ८ ते १६ अक्षरांचा, आणि कशाला मागतंय ते नीट वाचलं नाही की पुढची पायरी हुकतेच. हा लॉगिनचा पासवर्ड नाही. सिक्युअर बूट चालू असल्यामुळे ड्रायव्हरच्या मॉड्यूलवर (कर्नलला जोडला जाणारा तुकडा) आपल्याच मशीनवर सही होते आणि ती सही फर्मवेअरच्या पातळीवर मान्य करून घ्यावी लागते. त्यासाठी पुढच्या रिस्टार्टला एक निळी स्क्रीन येते, परफॉर्म एमओके मॅनेजमेंट म्हणून (एमओके म्हणजे मशीन ओनर की, मशीनच्या मालकाची सही). ती दहा सेकंदच थांबते! कुणी निळी स्क्रीन बघून घाबरून हात काढून बसलं तर ती निघून जाते, पुढे सिस्टम चालू होते पण ड्रायव्हर लोड होत नाही आणि मग माणूस म्हणतो ड्रायव्हर टाकूनही फरक नाही. तर तिथे कुठलीही की दाबायची, एनरोल एमओके, कंटिन्यू, यस, तो पासवर्ड (टाइप करताना ठिपकेसुद्धा दिसत नाहीत, तरी टाइप होत असतो), रीबूट. झालं, पूर्ण रिझोल्युशन, लॉगिन, सगळं झ्याक.

भाचा खूश. मधे त्याने काही कामासाठी विंडोज उघडलं तर घड्याळ साडेपाच तास मागे. त्याचा बूटशी संबंध नाही पण सगळे विचारतात म्हणून सांगतो, लिनक्स मदरबोर्डवरच्या घड्याळात यूटीसी (जागतिक प्रमाणवेळ) ठेवतं, विंडोज तीच वेळ इथली समजतं, आणि आपण यूटीसीच्या साडेपाच तास पुढे. टाइमडेटसीटीएल या कमांडला सेट-लोकल-आरटीसी १ असं सांगितलं की भांडण मिटतं.

डेटा कॉपी झाला. आता बेताप्रमाणे जुनी हार्ड डिस्क काढायची. मागचे स्क्रू काढले, डिस्क बाहेर, झाकण लावलं, पॉवर.

नो बूटेबल डिव्हाइस.

भाच्याने माझ्याकडे असं बघितलं की जणू मी त्याचा लॅपटॉप विहिरीत टाकला. "मामा, लिनक्स तर एसएसडीवर आहे ना? मग हार्ड डिस्क काढल्यावर काय झालं याला?" प्रश्न एकदम बरोबर होता. हा मेसेज ग्रबचा नाही, कर्नलचा नाही, फर्मवेअरचा आहे. त्याला बूट करण्यासारखं काहीच सापडत नाहीये. आणि आठवलं ते एचडीडी झिरो.

पेनड्राइव्हवरून परत लाइव्ह मिंट (डिस्कवर काही न टाकता पेनड्राइव्हवरूनच चालणारं) चालू केलं. आधी बघितलं की सिस फोल्डरात फर्मवेअर, त्यात ईएफआय असं फोल्डर आहे का. ते असेल तर पेनड्राइव्ह युईएफआय पद्धतीने बूट झालाय, नसेल तर पुढची दुरुस्ती करून उपयोग नाही, आधी पेनड्राइव्हच नीट बूट करून घ्यायचा. होतं. मग एलएसबीएलके, म्हणजे डिस्क आणि पार्टिशनची यादी दाखवणारी कमांड. एसएसडीवर दोन पार्टिशन व्यवस्थित दिसली, पहिलं ५१२ एमबीच्या आसपासचं ईएफआय आणि दुसरं उरलेली सगळी जागा, म्हणजे मिंट. दुसरं माउंट केलं (म्हणजे आतल्या फाइली दिसतील असं जोडलं), भाच्याच्या फाइली जागच्या जागी, त्याचा जीव भांड्यात पडला. पहिलं माउंट केलं तर आत काही नाही. रिकामं. शिम नाही, ग्रब नाही, उबंटूचं फोल्डर नाही.

झालं होतं असं. मिंट २२ मध्ये उबंटूचा जुना इन्स्टॉलर आहे, युबिक्विटी. मशीनवर दोन डिस्क असल्या की तुम्ही दुसऱ्या डिस्कवर इन्स्टॉल करायला सांगितलं तरी हा पहिल्या डिस्कवर आधीपासून असलेल्या ईएफआय पार्टिशनमध्ये बूटलोडर टाकून मोकळा होतो, हे बऱ्याच वर्षांपासून लोकांनी नोंदवलेलं आहे. एसएसडीवर नवीन ईएफआय पार्टिशन बनवतो खरा, पण त्यात काही ठेवत नाही. आमच्याकडे पहिली डिस्क म्हणजे विंडोजची ती करकरणारी हार्ड डिस्क. म्हणजे इतके दिवस घर एसएसडीवर आणि दाराची किल्ली हार्ड डिस्कमध्ये, आणि आम्ही किल्लीच काढून टेबलावर ठेवली.

खरं सांगायचं तर सगळ्यात सोपा मार्ग होता हार्ड डिस्क बाहेर असतानाच परत इन्स्टॉल करणं. नवीन कुणी असेल तर मी तेच करायला सांगेन. पण डेटा येऊन बसलेला, ड्रायव्हर लागलेला, आणि मला ते जमवायचंच होतं. म्हणून चरूट. म्हणजे लाइव्ह सिस्टममध्ये बसून डिस्कवरच्या मिंटच्या आत शिरायचं. दुसरं पार्टिशन एमएनटीवर माउंट केलं, पहिलं त्याच्या आतल्या बूट-ईएफआयवर, मग डेव्ह, प्रोक, सिस आणि रन ही चार फोल्डरं आत बाइंड केली, म्हणजे बाहेरचीच आतूनही दिसतील अशी जोडली, आणि सुडो चरूट. प्रॉम्प्ट बदलला की समजायचं आपण आता पेनड्राइव्हवर नाही, एसएसडीवरच्या घरात आहोत.

ग्रब-इन्स्टॉल चालवलं. फाइली लिहिल्या, पण वॉर्निंग आली की ईएफआय व्हेरिएबल्स सेट करता येत नाहीत, ग्रबचं उरलेलं काम हाताने करा. याचं कारण इतकं बारीक आहे की फारसं कुणी सांगत नाही. साधं बाइंड केलं की सिस फोल्डर आत येतं, पण त्याच्या पोटात वेगळं माउंट केलेलं ईएफआयव्हार्स येत नाही, आणि फर्मवेअरच्या बूट यादीत नाव लिहायचं ते तिथूनच. बाहेर येऊन सिससाठी बाइंडऐवजी आरबाइंड (पोटातल्या माउंटसकट जोडणारं) वापरलं, परत आत, परत ग्रब-इन्स्टॉल. "इन्स्टॉलेशन फिनिश्ड. नो एरर रिपोर्टेड." एवढी गोड ओळ त्या दिवसात दुसरी वाचली नव्हती. मागोमाग अपडेट-ग्रब, म्हणजे ग्रबचा मेनू नव्याने बनवणारी कमांड.

बूट-रिपेअर नावाचं एका बटणाचं टूल आहे, ते हेच सगळं करतं. चांगलं आहे. फक्त त्याने काय केलं ते आपल्याला कळत नाही, आणि दोन डिस्क असताना ते कुठल्या ईएफआयला हात लावतंय याकडे लक्ष ठेवावं लागतं.

रिस्टार्टच्या आधी बायोस. तीच ट्रस्टेडवाली ओळ, तीच वाट, फक्त आता डिस्क एसएसडी. जुन्या एंट्रीची फाइल दुसऱ्या डिस्कवर होती, त्यामुळे विश्वास नव्याने मिळवावा लागला. सेव्ह, रिस्टार्ट, लोगो आला. आणि लोगोच राहिला. भाचा म्हणाला, "गेलं परत." मी म्हटलं एस्केप दाब, लोगोच्या मागे काय चाललंय बघू. मागे ओळी होत्या आणि सगळ्यात खाली एक तांबडी चांदणी डावीकडून उजवीकडे पळतेय, "अ स्टार्ट जॉब इज रनिंग फॉर" आणि पुढे एक छोटा यूयूआयडी (पार्टिशनचा ओळख क्रमांक), चार अक्षरं, डॅश, चार अक्षरं, आणि शेवटी मोजणी, दीड मिनिटाची मर्यादा. ते दीड मिनिट संपलं आणि इमर्जन्सी मोड.

इमर्जन्सी मोड हे नावच वाईट आहे. इथे खरं तर बातमी चांगली होती, फर्मवेअर, ग्रब, कर्नल सगळे आपापलं काम करून गेले होते, आता सिस्टमडी बोलत होता आणि काय सापडत नाही तेही सांगत होता. यूयूआयडी चार-चार अक्षरांचा आखूड असला की ते फॅट फॉरमॅटचं पार्टिशन, म्हणजे ईएफआय. मिंटच्या मुख्य पार्टिशनचा यूयूआयडी चांगला लांबलचक असतो. एंटर मारून शेल (कमांड टाइप करायची जागा) घेतला आणि एफएसटॅब, म्हणजे कुठलं पार्टिशन कुठे जोडायचं याची यादी असलेली फाइल, उघडली. इन्स्टॉलरने तिथे स्वतःच्या हाताने कबुली लिहून ठेवली होती, बूट-ईएफआय हे इन्स्टॉलेशनच्या वेळी एसडीएवनवर होतं. एसडीए म्हणजे ती टेबलावरची हार्ड डिस्क. सिस्टम दर वेळी बूट होताना तिलाच शोधत होती, आणि ही ओळ ऐच्छिक नसल्यामुळे ती नाही म्हणजे पुढे जायचंच नाही.

ब्लॉकआयडीने एसएसडीच्या ईएफआयचा यूयूआयडी काढला, नॅनो एडिटरमध्ये जुना खोडून नवीन टाकला, भाच्याला मोठ्याने वाचायला लावला कारण शून्य आणि डी त्या फॉन्टमध्ये सारखेच दिसत होते. सेव्ह, रीबूट. लॉगिन. ईएफआयबूटएमजीआरने फर्मवेअरच्या यादीतल्या मेलेल्या एंट्र्या पुसून टाकल्या.

हे बघून माझ्या एका मित्राने नव्या लॅपटॉपवर मिंट टाकायला घेतलं, त्याची तऱ्हा वेगळीच, इन्स्टॉलरला डिस्कच दिसेना. इंटेलच्या अकराव्या जनरेशनपासून पुढच्या बऱ्याच लॅपटॉपवर व्हीएमडी (इंटेलची डिस्क सांभाळायची सोय) चालू असतं, डिस्क त्याच्या आड बसते. ते बायोसमध्ये बंद करायचं, पण काही मशीनवर तो पर्यायच लपवलेला असतो आणि मेन टॅबमध्ये कंट्रोल एस दाबल्यावर प्रकट होतो. आणि विंडोज ठेवायचं असेल तर आधी त्याला सेफ मोडमध्ये बूट व्हायला सांगून मगच हा बदल, नाहीतर विंडोज रुसतं.

भाच्याचा फोन मग दिवाळीनंतर आला. "मामा, अपडेट केलं आणि परत काळं." मी गावाला, मशीन त्याच्याकडे, सगळं फोनवर. आता एकच सिस्टम असल्यामुळे ग्रबचा मेनू दिसत नाही, तो चालू करताना एस्केप दाबून बाहेर काढावा लागतो. त्याने घाबरून एस्केप बडव बडव बडवलं.

"मामा, ग्रब आणि पुढे एक बाण असं आलंय, मेनू नाहीये."

"जास्त वेळा दाबलंस. नॉर्मल असं टाइप कर, एंटर मार."

"आला मेनू."

"ॲडव्हान्स्ड ऑप्शन्समध्ये जा. काय दिसतंय?"

"चार ओळी आहेत. दोन नंबर आणि प्रत्येकाची रिकव्हरी."

"दोन नंबरांतला लहान, साधा. तो जुना कर्नल."

तो चालू झाला, लगेच. नवीन कर्नलसाठी ड्रायव्हरचं मॉड्यूल तयारच झालेलं नव्हतं. अपडेट चालू असताना काय केलंस विचारलं तर साहेब लॅपटॉप मिटून क्लासला गेले होते, बॅटरी आधीच संपत आलेली, वाटेत मशीन बंद. टर्मिनल उघडायला लावून सुडो डीपीकेजी, कन्फिगर, ए एवढं अक्षर अक्षर सांगून टाइप करून घेतलं, दोन डॅश कुठे आणि एक कुठे यावरच पाच मिनिटं गेली. अर्धवट राहिलेली पॅकेजं मार्गी लागली, मॉड्यूल तयार झालं, पुढच्या रिस्टार्टला नवीन कर्नलवर लॉगिन आलं. या वेळी निळी स्क्रीन आली नाही, कारण ती सही आधीच मान्य केलेली होती.

"चार्जर लावलाय का आत्ता?" मी विचारलं.

"लावतो," म्हणाला.